वार्धक्याची एक रेषा आणि असमान आयुष्ये : मावळातील आदिवासी वृद्धांच्या संदर्भात

वृद्ध कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर शासनव्यवहारात वर्षांच्या आकड्याने दिले जाते. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वयाची ६५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. केंद्र शासनाच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ही मर्यादा २०११ पासून ६० आहे. आयुष्मान भारत योजनेचा २०२४ मध्ये विस्तार होऊन उत्पन्नाची अट न घालता रुग्णालयीन उपचारांचे जे संरक्षण देण्यात आले, ते ७० वर्षांपासून मिळते. आणि राज्य परिवहनाच्या गाडीतून २०२२ पासून सुरू झालेला विनामूल्य प्रवास ७५ वर्षांपासून. हे आकडे सर्वांना सारखेच लागू असल्यामुळे ते निःपक्षपाती वाटतात. परंतु ज्या समाजगटाचे शरीर लवकर झिजते आणि ज्याचे आयुष्य इतरांच्या आधी संपते, त्या गटाच्या बाबतीत ही समान रेषाच विषमतेचे एक साधन बनते. हे कसे घडते, याचा विचार मावळ तालुक्यातील आदिवासी समाजाच्या उदाहरणाने करावयाचा आहे.

१. निरामय वार्धक्याची संकल्पना

वार्धक्य म्हणजे रोग नव्हे, आणि रोगाचा अभाव म्हणजे निरामय वार्धक्यही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या आपल्या अहवालात या संकल्पनेची जी मांडणी केली, तिचा केंद्रबिंदू 'कार्यक्षमता' हा आहे. मनुष्यास जे करणे मोलाचे वाटते ते उतारवयातही करता येणे, ही ती कार्यक्षमता होय. तिचे दोन घटक आहेत. पहिला, व्यक्तीची शारीरिक व मानसिक अंतर्गत क्षमता. दुसरा, ती व्यक्ती जेथे राहते ते घर, रस्ता, दवाखाना, कुटुंब आणि शासन यांनी बनलेली परिस्थिती. गुडघे दुखणाऱ्या दोन वृद्धांपैकी एकाच्या दारापर्यंत पक्का रस्ता असेल आणि दुसऱ्यास पावसाळ्यात ओढा ओलांडून जावे लागत असेल, तर दोघांची अंतर्गत क्षमता सारखी असूनही कार्यक्षमता सारखी राहत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हे निरामय वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर केले, त्यामागेही हीच व्याख्या आहे.

या व्याख्येचा समाजशास्त्रीय अर्थ महत्त्वाचा आहे. कार्यक्षमता जर परिस्थितीवर अवलंबून असेल, तर ज्यांच्या वाट्याला प्रतिकूल परिस्थिती जन्मापासून आली त्यांचे वार्धक्य हा केवळ वैद्यकाचा विषय राहत नाही. तो समाजरचनेच्या अभ्यासाचा विषय होतो. पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाची चर्चा बहुधा वांशिक अल्पसंख्य गटांच्या संदर्भात झाली आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास करताना आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये असे प्रमेय मांडले, की सततची सामाजिक अवहेलना व आर्थिक ताण यांमुळे शरीर अकाली जीर्ण होते. ऊनपावसाने दगड झिजावा तशी ही झीज असते, असे त्यांचे रूपक आहे. भारतात ही चर्चा करताना 'वांशिक अल्पसंख्य' या संज्ञेचा सर्वांत जवळचा प्रतिशब्द म्हणजे अनुसूचित जमाती. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.३५ टक्के होते.

२. मावळ : एकच हवा, दोन वार्धक्ये

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील मावळ तालुका हा अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशा खोऱ्यांत विभागलेला आहे. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला आणि लोणावळा व खंडाळा ही मुंबईकरांची हवा पालटण्याची ठिकाणे बनली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगाच्या शास्त्रीय अभ्यासाला तेथून आरंभ झाला. तेव्हापासून आजतागायत नगरवासी मध्यमवर्गाच्या मनात लोणावळा हे नाव स्वास्थ्याशी जोडलेले आहे. निवृत्तीनंतरचे दुसरे घर बांधण्यासाठीही याच डोंगरउतारांना मागणी आहे.

याच डोंगरउतारांवर महादेव कोळी, ठाकर व कातकरी या जमातींच्या वाड्या आहेत. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हवा दोघांना एकच, पाऊसही एकच; परंतु एकाला तो पाऊस खिडकीतून पाहावयाचा असतो आणि दुसऱ्याला त्यात कुडाच्या भिंती सांभाळावयाच्या असतात. केवळ नैसर्गिक परिस्थितीने वार्धक्य निरामय होत नाही, हे दाखविण्यास याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

या तीन जमातींना एकच मानणे मात्र चुकीचे ठरेल. महादेव कोळी हे मुख्यतः शेतकरी असून त्यांच्यात जमीन, शिक्षण आणि नोकरी यांचा थोडाफार प्रवेश झालेला आहे. कातकऱ्यांची स्थिती सर्वस्वी वेगळी आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा मूळ व्यवसाय, आणि त्यावरूनच त्यांना नाव पडले. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावरील निर्बंध कडक होत गेले, तसतसा हा व्यवसाय संपला. पुढे लाकूडतोड, कोळसा पाडणे आणि वीटभट्टीवरील मजुरी ही उपजीविकेची साधने बनली. अ. ना. वेलिंग यांनी १९३४ मध्ये या जमातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, यावरून तिच्या दुःस्थितीकडे अभ्यासकांचे लक्ष किती पूर्वी गेले होते हे दिसते. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात भारत शासनाने विशेष मागास जमातींचा स्वतंत्र वर्ग केला. महाराष्ट्रातून त्यात कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्यातील कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती.

मावळातील आदिवासींना आणखी एक मर्यादा आहे. पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या भागांपुरते आहे. मावळ त्यात येत नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या कायद्याने जे विशेष अधिकार मिळाले, ते येथील वाड्यांना नाहीत. मोठ्या बिगर-आदिवासी गावाच्या कडेला असलेली पंधरा-वीस झोपड्यांची वाडी ग्रामपंचायतीत अल्पमतातच राहते. येथे आदिवासी हे शब्दशः अल्पसंख्य आहेत.

३. वंचिततेचा संचय

वार्धक्यातील विषमता वार्धक्यात जन्मास येत नाही. ती आयुष्यभर साठत जाते. समाजशास्त्रात या प्रक्रियेस संचयी वंचितता म्हणतात. लाभातून लाभ आणि हानीतून हानी वाढत जाते, हे तत्त्व रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानक्षेत्रातील मानसन्मानाबाबत मांडले होते. पुढे ते जीवनक्रमाच्या अभ्यासास लागू करण्यात आले. मावळातील कातकरी वृद्धाच्या आयुष्यात या संचयाचे टप्पे ओळखता येतात.

पहिला टप्पा जन्माच्याही आधीचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत माता व बालके यांचा जो दीर्घकालीन अभ्यास केला, त्यातून असे दिसून आले की कमी वजनाच्या अर्भकातही चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून राहते आणि घट होते ती स्नायूंत. अशा शरीरात पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका वाढतो. तो अभ्यास आदिवासींपुरता नव्हता. परंतु गर्भावस्थेतील कुपोषणाची किंमत पन्नास-साठ वर्षांनंतर द्यावी लागते, हे त्याचे तात्पर्य येथे अधिकच लागू पडते. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये नोंदविले, की आदिवासी समाजावर कुपोषण व संसर्गजन्य रोग यांचे जुने ओझे कायम असतानाच रक्तदाब व मधुमेह यांसारख्या विकारांचे नवे ओझे येऊन पडले आहे.

दुसरा टप्पा श्रमाचा. दिवाळीनंतर कुटुंबासह भट्टीवर जावयाचे आणि पाऊस तोंडावर आला की परतावयाचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मालकाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि हंगाम सरतानाही ती पुरती फिटत नाही. वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, तथापि उचलीच्या रूपाने श्रम आधीच गहाण पडण्याची रीत निमाली नाही. ओझी वाहणे, उकिडवे बसून विटा थापणे, धूर आणि धूळ श्वासाबरोबर घेणे, याचा परिणाम कंबर, गुडघे व फुप्फुसे यांवर होतो. स्त्रियांच्या बाबतीत यात बाळंतपणे, रक्तक्षय आणि चुलीचा धूर यांची भर पडते. पन्नाशी गाठण्याच्या आधीच अशा शरीरात वार्धक्याची लक्षणे दिसू लागतात.

तिसरा टप्पा जमिनीचा. मुंबईच्या विजेसाठी टाटांनी लोणावळा, वळवण व शिरवता येथे तलाव बांधले व १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. आंद्रा नदीवरील ठोकरवाडीचे धरण १९२२ चे आणि पवना धरण १९७२ चे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. या प्रत्येक घटनेने खोऱ्यातील जमिनीचे मोल वाढविले. परंतु ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला त्या वाढीतून काहीच मिळाले नाही. आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतर रोखणारे व गेलेली जमीन परत देवविणारे कायदे महाराष्ट्राने १९७४–७५ मध्ये केले. त्यांचा लाभ ज्याच्याकडे जमीन होती त्यालाच होणार. अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर वसलेल्या आहेत, आणि मालकाने जमीन विकावयाचे ठरविले की वाडीचे अस्तित्वच धोक्यात येते. उतारवयात घर टिकेल की नाही ही शंका असणे, हा निरामय वार्धक्यातील दुसऱ्या घटकाचा, म्हणजे परिस्थितीचा, मूलभूत अभाव होय.

४. मोजमापातील दोन फसगती

ही विषमता आकड्यांत शोधू जाणाऱ्या अभ्यासकाने दोन गोष्टींविषयी सावध राहिले पाहिजे.

पहिली फसगत स्वतः सांगितलेल्या आजारांची. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने पुणे जिल्ह्यातील वढू परिसरात ५० वर्षे व त्यावरील पाच हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षण व आर्थिक स्थिती जसजशी खालावते तसतसे लोक आपले आरोग्य अधिक हीन असल्याचे सांगतात, आणि स्त्रिया पुरुषांपेक्षा तसे अधिक सांगतात, असे तीत आढळले. परंतु 'तुम्हाला अमुक रोग आहे काय', असे विचारले की चित्र उलटू शकते. रोगाचे नाव डॉक्टर सांगतो. जो डॉक्टरकडे गेलाच नाही त्याला रोगाचे नावही नसते. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये याच मुद्द्याकडे लक्ष वेधले होते : आयुर्मान सर्वांत जास्त असलेल्या केरळात लोक आजारही सर्वाधिक सांगतात, आणि बिहारसारख्या राज्यात कमी. म्हणून आदिवासी वृद्धांनी मधुमेह वा रक्तदाब कमी सांगितला, तर त्याचा अर्थ ते निरोगी आहेत असा घेण्यापूर्वी तपासणी झाली होती काय हे पाहावे लागते.

दुसरी फसगत मागे उरलेल्यांची. सत्तरी ओलांडलेला आदिवासी काटक असतो, असे सर्रास म्हटले जाते. तो काटक असतो हे खरे. परंतु त्याच्या बरोबरीचे जे दुबळे होते ते पन्नाशीत वा साठीतच गेलेले असतात. सत्तरीच्या दोन गटांची तुलना करताना एका गटातून दुर्बल आधीच गळालेले असतात, म्हणून दोहोंतील अंतर आहे त्यापेक्षा कमी भासते. काटकपणाची प्रशंसा करताना मृत्यूंची ही गाळणी दृष्टीआड होते.

याच कारणास्तव वृद्धांची पाहणी साठीपासून सुरू करणे पुरेसे होत नाही. २०१७–१८ मध्ये झालेल्या अखिल भारतीय वार्धक्य पाहणीच्या पहिल्या फेरीत ४५ व्या वर्षापासूनच्या ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश करण्यात आला, तो या दृष्टीने उचित होता.

५. समान रेषेचा असमान परिणाम

भारतातील नऊ राज्यांच्या आकडेवारीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आढळले. आर्थिक स्थितीतील फरकाने या अंतराचा निम्म्याहूनही कमी भाग स्पष्ट होतो, हा त्यातील विशेष लक्षणीय निष्कर्ष. म्हणजे दारिद्र्य हे कारण आहेच. पण केवळ दारिद्र्य हे कारण नाही.

आता वयाच्या रेषेचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. दोन व्यक्तींपैकी एक ६९ व्या वर्षी आणि दुसरी ७३ व्या वर्षी मरण पावली असे धरू. दोघांच्या आयुष्यात अंतर चार वर्षांचे, म्हणजे सुमारे सहा टक्क्यांचे. श्रावणबाळ योजनेचे वेतन २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये आहे. पहिलीस ते चार वर्षे मिळून ७२,००० रुपये होतात, दुसरीस आठ वर्षे मिळून १,४४,००० रुपये. आयुष्यातील सहा टक्क्यांचे अंतर लाभात दुप्पट होते. सत्तरीची अट असलेल्या योजनेत पहिल्या व्यक्तीस काहीच मिळत नाही. रेषा जितकी वर सरकवावी तितका लाभ दीर्घायुषी गटाकडे झुकतो, आणि दीर्घायुष्य हे स्वतःच सामाजिक लाभांचे फळ असल्यामुळे ज्याला पूर्वी अधिक मिळाले त्यालाच पुन्हा अधिक मिळते.

या रेषेपर्यंत पोहोचल्याचे सिद्ध करणे, ही आणखी एक पायरी. घरी जन्मलेल्या, शाळेत न गेलेल्या कातकरी वृद्धाजवळ जन्मतारखेचा पुरावा नसतो. ओळखपत्रावर नोंदविलेले वय पुष्कळदा अंदाजाचे असते आणि अंदाज करणारा दुसराच कोणी असतो. तो अंदाज पाच वर्षांनी चुकला, तर निवृत्तिवेतनही पाच वर्षांनी लांबते. विटांच्या व मातीच्या कामाने बोटांवरील रेषा पुसट झाल्या म्हणजे यंत्रास ठसा ओळखता येत नाही. शरीर म्हातारे झाले आहे याचा तो खरे पाहता पुरावाच. परंतु दप्तरात तीच अडचण ठरते. हंगामात भट्टीवर असणाऱ्या कुटुंबाच्या वृद्धाने हयातीचा दाखला कोणत्या गावी द्यावयाचा, हाही प्रश्न राहतो.

६. पर्यायांचा विचार

यावर उपाय कोणते? गटानुसार वयोमर्यादा कमी करणे हा एक. झारखंडने २०२४ मध्ये राज्याच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना व सर्व स्त्रियांना ५० वर्षांची मर्यादा लागू केली. ऑस्ट्रेलियात वृद्धसेवा सर्वसाधारणपणे ६५ व्या वर्षापासून मिळतात, पण तेथील मूळ रहिवाशांना ५० व्या वर्षापासून. निवृत्तिवेतनाचे वय मात्र तेथे सर्वांना ६७ च आहे. कमी आयुर्मानाच्या आधारे ते मूळ रहिवाशांसाठी खाली आणावे, अशी मागणी घेऊन गेलेला दावा तेथील संघीय न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळला. एकाच देशाने सेवेच्या बाबतीत अकाली वार्धक्य मान्य करावे आणि वेतनाच्या बाबतीत करू नये, यावरून या प्रश्नाची तात्त्विक गुंतागुंत लक्षात येते.

या उपायावर गंभीर आक्षेप असा, की गट हे व्यक्तीच्या स्थितीचे ढोबळ माप आहे. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालेला महादेव कोळी आणि भट्टीवर आयुष्य गेलेला भूमिहीन कातकरी हे दोघेही अनुसूचित जमातीचेच. आणि भट्टीवर राबणारा बिगर-आदिवासी मजूरही अकाली झिजतो. आक्षेप खरा आहे. प्रत्येकाची कार्यक्षमता तपासून त्याप्रमाणे मदत देणे तत्त्वतः अधिक न्याय्य होईल. परंतु त्यासाठी तपासणारी यंत्रणा वाडीपर्यंत पोहोचावयास हवी. डोंगराळ व आदिवासी भागात दर २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासनाचा निकष आहे. वीस हजारांच्या केंद्रापासून दूरच्या वाडीतील वृद्धाने आपली दुर्बलता सिद्ध करण्यासाठीच डोंगर उतरावा, अशी अट घातली तर सर्वांत दुर्बल तेवढे वगळले जातील. तपासणीचा पर्याय जेथे व्यवहारात आणता येत नाही, तेथे गटाचे ढोबळ माप कमी अन्याय करते.

याला आपल्याकडे पूर्वाधारही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये विशेष मागास जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय योजनेचे धान्य देण्याचा आदेश दिला. त्यात प्रत्येक कुटुंबाचे दारिद्र्य निराळे सिद्ध करण्याची अपेक्षा नव्हती. जमातीची सामूहिक स्थिती हाच पुरावा मानण्यात आला. २०२३ मध्ये सुरू झालेले प्रधानमंत्री जनमन अभियान याच वर्गासाठी आहे. अन्नाच्या बाबतीत जे तत्त्व स्वीकारले, तेच वार्धक्याच्या बाबतीत स्वीकारण्यास तात्त्विक बाधा दिसत नाही. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वृद्धापकाळी साहाय्य देण्याचे आणि ४६ व्या अनुच्छेदात अनुसूचित जमातींच्या हितसंवर्धनाचे निदेश आहेत. हे दोन अनुच्छेद एकत्र वाचले, तर अकाली वार्धक्य हा त्यांच्या छेदबिंदूवरील विषय ठरतो.

विभागातील संशोधकांस यातून अभ्यासाची दिशा मिळू शकेल. मावळातील वाड्यांत वृद्धांची गणना करताना ओळखपत्रावरील वयाबरोबरच पवना धरणासारख्या सर्वांच्या स्मरणातील घटनांशी जुळवून काढलेले वय नोंदवावे. आजाराविषयी प्रश्न विचारण्याबरोबर पकडीची ताकद, चालण्याचा वेग, बसून उठण्याची क्षमता यांचे साध्या साधनांनी मापन करावे. पाहणीचा आरंभ चाळिशीपासून व्हावा, आणि गेल्या काही वर्षांत वारलेल्यांचीही विचारपूस घरोघर व्हावी. कारण या विषयातील महत्त्वाची साक्ष बहुतांशी जे रेषेपर्यंत पोहोचलेच नाहीत त्यांच्याकडे आहे. पासष्टाव्या वर्षापूर्वी किती जण श्रम करण्यास असमर्थ झाले आणि त्यांच्यापैकी किती जण त्या वर्षापर्यंत जगले, या दोन संख्या हाती आल्या, की वयाची रेषा कोठे असावी हा वाद केवळ मताचा राहणार नाही.